त्रिधारेची सोडचिठ्ठी

तिसऱ्यांदा फोन लावला तेव्हा दोन गोष्टी ठरवूनच बसलो होतो. आवाज चढवायचा नाही आणि आपण आधी फोन ठेवायचा नाही.

"नमस्कार मगदूमकाका," पलीकडून आवाज आला. "झालं का जेवण?"

आम्ही नुकतेच हात धुऊन उठलो होतो. राजमती, म्हणजे आमची सौभाग्यवती, अजून ताटं आवरत होती. एवढी नेमकी विचारपूस माझ्या सख्ख्या बहिणीनंही कधी केली नाही. मला ते मुळीच आवडलं नाही.

त्या आवाजाचं नाव मृदुला. मृदुला ही बाई नव्हे, 'त्रिधारा' कंपनीचं बोलतं यंत्र. पहिल्या खेपेला ती शुद्ध पुणेरीत बोलली. मी सांगलीचा, हे तिनं माझ्या बोलण्यातून हेरलं आणि दुसऱ्या खेपेला 'बघा की काका' म्हणायला लागली. आज तर हिचं माहेर सांगलीलगतच्या हरिपुरात असावं अशा थाटात बोलत होती.

"मला त्रिधारा बंद करायची आहे," मी म्हणालो.

"का ओ काका? काय चुकलं आमचं?"

काय चुकलं म्हणून सांगू? इंटरनेट, टीव्ही आणि 'सोबत' अशा तीन सेवांची ती एकच मोळी. त्यातली एक काडी काढायला गेलं, की उरलेल्या दोन्हींचा भाव तिन्हींपेक्षा जास्त. भाजीवाल्यानं असा हिशेब लावला असता तर मंडईत त्याची धिंड निघाली असती. टीव्हीवर आठशे वाहिन्या. त्यातल्या मी तीन बघतो, राजमती एकही बघत नाही. वर गेले काही महिने झोपायच्या खोलीतला टीव्ही भूत संचारल्यासारखा वागत होता. दुपारी मी जरा डोळा लावला की एकदम मोठ्यानं सुरू व्हायचा, थोडा वेळ कोकलायचा आणि आपोआप बंद पडायचा. रात्रीही तोच प्रकार. प्रेक्षकांचे आकडे फुगवायला कंपनीच तो लावत असणार, असा माझा तर्क होता.

"टीव्ही घरच्यांनी सांगितल्याप्रमाणेच चालतो काका," मृदुला म्हणाली. "आणि बंद करायचं म्हटलं तर तुमचा करार अजून दोन वर्षं आहे. मधेच सोडलात तर उरलेल्या महिन्यांचे पैसे भरावे लागतील."

"दोन वर्षं? तो तर या महिन्यात संपतोय. मी तारीख बघूनच फोन केलाय."

"संपत होता काका. पण आम्ही पाठवलेली भेट तुमच्याकडून स्वीकारली गेली. भेट घेतली की करार आपोआप दोन वर्षं पुढं जातो."

"कुणी घेतली भेट?"

"ते सांगायची आम्हाला परवानगी नाही. पण घरातल्याच माणसानं घेतली."

घरात माणसं दोन. एक मी. मुलगी लग्न होऊन नागपूरला गेली, तेव्हापासून तिसरं कुणी नाही.

मी फोन ठेवला. ठरवलेल्या दोन गोष्टींपैकी एक तिथंच मोडली.

माझी उभी नोकरी वजनमापं खात्यात गेली. निरीक्षक म्हणून निवृत्त झालो. सराफाचा काटा, पेट्रोलपंपाचं माप, रॉकेलचा डबा, सगळं तपासलं. माणूस तराजू धरतो तेव्हा मी तराजूकडं बघत नाही, त्याच्या अंगठ्याकडं बघतो. या सवयीनं मला मित्र फार मिळू दिले नाहीत, पण कुणी फसवलंही नाही. आता घरातच कुणीतरी पारड्याला अंगठा लावत होतं, आणि तो अंगठा राजमतीचा असावा या विचारानं मला खरोखर वाईट वाटलं.

पण त्याआधी दुसरा प्रश्न होता. आमचं जेवण उरकल्याचं मृदुलेला कळलं कसं?

शोध घ्यायला वेळ लागला नाही, कारण कंपनी ते लपवत नव्हतीच. फक्त कुणी वाचणार नाही इतक्या लांबलचक मजकुरात ते पुरून ठेवलं होतं. भिंतीवरची इंटरनेटची पेटी घरभर लहरी सोडते, हे सगळ्यांना माहीत असतं. त्या लहरी भिंतींवर, कपाटांवर आणि माणसांवर आपटून परत येतात. हौदातल्या पाण्यात हात घातला की सगळ्या हौदाचा तरंग बदलतो, तसं माणूस खोलीतून चालला की परतणाऱ्या लहरींची घडी बदलते. आमच्या तरुणपणीच्या पेट्या हे बदल गोंगाट समजून टाकून द्यायच्या. पुढं कुणाच्या तरी लक्षात आलं, की या गोंगाटातच घर दिसतं. कॅमेरा नको, अंगावर काही बांधायला नको. माणूस चालतो, बसतो, पडतो, ते कळतं. इतकंच काय, श्वास घेताना छाती गहूभर वर-खाली होते, तेवढा फरकही पेटी टिपते. एकट्यादुकट्या म्हाताऱ्यांची काळजी घ्यायला म्हणून 'सोबत' ही सेवा निघाली ती यातूनच. कुणी न्हाणीघरात पडलं तर मुलाला फोन जातो, कुणाचा श्वास बिघडला तर घरातल्याला इशारा मिळतो.

कल्पना चांगली होती, नाही म्हणत नाही. पण घराच्या सुखदुःखाची बातमी दुकानदाराच्या हाती गेली, की तो ती गल्ल्यातच टाकणार. माणसं पोटभर जेवली की नरम असतात आणि तेव्हा त्यांना पटवणं सोपं, एवढं त्या पेटीला कळत होतं. मी फोन लावायला बसलो, की मी किती वेळ येरझाऱ्या घातल्या हे मृदुलेला माझ्या 'हॅलो'च्या आधीच माहीत असायचं.

"तू कुठली भेट घेतलीस का त्रिधाराकडून?" मी राजमतीला विचारलं.

ती ओट्यावरून फडकं फिरवत होती. "कसली भेट?"

"तेच विचारतोय."

"असेल चुकून दाबलं गेलं मोबाइलवर. सारखं काहीतरी येतंच की त्यावर." तिनं फडकं पिळून दोरीवर टाकलं. "मी बसते आता. हाक मारू नका."

ती सामायिकाला बसणार होती. आम्ही जैन. मागं एका चातुर्मासात महाराजांसमोर तिनं नियम घेतला होता, रोज दुपारी सामायिक करायचं. शास्त्रात वेळ माध्यान्हीची सांगितली आहे, पण बाईला सवड भांडी घासून झाल्यावरच मिळते. दोन घटका एका आसनावर बसायचं, हलायचं नाही, बोलायचं नाही, कुणी बोलावलं तरी उठायचं नाही. मनातल्या मनात णमोकार मंत्र, आणि श्वास इतका संथ, की बघणाऱ्याला शंका यावी. पूर्वी ती मागच्या खोलीत बसायची. या चातुर्मासात मात्र मी जिथं वामकुक्षी करतो त्याच खोलीच्या कोपऱ्यात चटई टाकायला लागली होती. इथं वारं चांगलं येतं म्हणे. मला त्यातही काहीतरी वास येत होता, पण कसला ते कळत नव्हतं.

चौथा फोन मी मुद्दाम जेवणाआधी, भुकेल्या पोटी केला.

"काका, आज उशीर झाला का जेवायला?" मृदुला म्हणाली.

"बंद करायचंय."

तिनं अर्धा भाव देऊ केला. मी नाही म्हणालो. मग क्रिकेटचे सामने फुकट दिले. मी नाही म्हणालो. मग तिचा आवाज एकदम खाली आला, शेजारीण कुंपणाशी येऊन बोलते तसा.

"काका, बोलू का नको असं झालंय. पण तुम्ही सोडून निघालात म्हणून सांगते. 'सोबत'मध्ये तुमच्या घरातल्या एका व्यक्तीबद्दल एक नोंद आहे. दुपारी, जेवणानंतर, त्या व्यक्तीचा श्वास मधूनमधून थांबतो."

"कुणाचा?" मी विचारलं.

"तपशील चालू ग्राहकांनाच देता येतो, काका. तुम्ही करार ठेवलात तर आत्ता सांगते."

घाबरलो, खोटं कशाला सांगू. फोन हातात धरून स्वयंपाकघराकडं बघितलं. राजमती भाकरी थापत होती. आणि तिच्या त्या पुढंमागं हलणाऱ्या खांद्यांकडं बघता बघताच माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. दुपारी, जेवणानंतर! ती सामायिकाला बसते ती वेळ! बाई मूर्तीसारखी बसते, श्वास नावापुरता चालतो, आणि या दीडशहाण्या पेटीला वाटतं, माणूस आजारी आहे. ध्यान आणि दुखणं यांतला फरक न कळणारं यंत्र, आणि त्याच्या जोरावर ही मला धाक दाखवतेय! इतका आनंद मला पेट्रोलपंपावर चोरकप्पा सापडला तेव्हाही झाला नव्हता.

"मृदुलाबाई," मी म्हणालो, "श्वास मोजता ना तुम्ही?"

"हो काका. अगदी अचूक."

"आणि त्या मोजमापाच्या आधारानं मला माल विकताय. बरोबर? मग ऐका. या देशात व्यवहारासाठी वापरलेलं प्रत्येक माप तपासलेलं असावं लागतं आणि त्यावर सरकारी शिक्का असावा लागतो. तराजू असो नाहीतर तुमची पेटी असो. तुमच्या श्वासमापावर शिक्का आहे?"

मृदुलेनं 'थांबा हं काका' म्हणून फोन पुढं जोडला. मग खरखर झाली आणि एका हाडामांसाच्या माणसाचा आवाज आला. त्यानं आपण वरिष्ठ असल्याचं सांगितलं आणि तो चाचरत बोलत होता. मी त्याला माझं जुनं पद सांगितलं. तक्रार कुठं करतात, ती कशी लिहितात, पेटी जप्त झाल्यावर तिला लाखेचं सील कसं लावतात, तेही सांगितलं. संध्याकाळच्या आत करार रद्द झाल्याचा निरोप मोबाइलवर आला. दंड नाही, उरलेल्या महिन्यांचं काही नाही. विश्रामबागेतल्या त्यांच्या केंद्रात मी स्वतः जाऊन पेटी परत केली आणि पोच घेतली. पोच घेतल्याशिवाय अशी वस्तू कुणाच्या हाती देऊ नये, नाहीतर ती पुन्हा आपल्याच नावावर चढते.

"झाली एकदाची ब्याद दूर," घरी येऊन मी राजमतीला म्हणालो आणि श्वासमापाची सगळी हकिकत रंगवून सांगितली.

मला वाटलं, ती हसेल. तिच्या सामायिकाला यंत्र दुखणं समजलं, ही हसण्यासारखीच गोष्ट होती. ती हसली नाही.

"म्हणजे 'सोबत' पण बंद?" तिनं विचारलं.

"मोळीच होती ना ती. सगळं बंद. गल्लीतल्या शिराळकरांकडून साधं इंटरनेट घेऊ, निम्म्याहून कमी पैशांत होतंय."

ती भिंतीवरच्या पेटीच्या रिकाम्या खिळ्यांकडं बघत राहिली. माझा संशय पक्का झाला. भेट हिनंच घेतली होती.

पुढचे काही दिवस माझे मजेत गेले. टीव्ही गप्प. दुपारची झोप इतकी गाढ लागायची की उठल्यावर आपण कुठं आहोत ते कळायचं नाही. सकाळी डोकं जड व्हायचं. तेही मी सुखाचंच लक्षण धरलं.

मग राजमतीचं काहीतरी बिनसलं.

पहिल्यांदा तिच्या चहातली साखर गेली. "नियम केलाय," एवढंच म्हणाली. आमच्यात चातुर्मासात माणसं असं काही ना काही सोडतात, त्यामुळं मी लक्ष दिलं नाही. चार दिवसांनी तूप गेलं. त्यानंतर एक दिवस मी चुकून तिच्या ताटातली आमटी चाखली तर तिला मीठच नव्हतं. भाजी निवडताना तिचा डोळा लागायचा. डोळ्यांखाली काळं आलं होतं. एकदा दूध उतू जाऊन गॅस विझला, तरी ती शेजारीच उभी होती.

साखर बंद, तूप बंद, मीठ बंद. हा नियम वाटतो का? हा डॉक्टरांचा सल्ला वाटतो! साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब, क्रमवार सगळंच. ही कुणाला तरी दाखवून आली असणार आणि मला सांगत नाही. मी तिच्या नकळत कचऱ्याच्या डब्यात गोळ्यांची रिकामी पाकिटं शोधली. तिच्या पर्समध्ये पाहिलं. काही सापडलं नाही. न सापडल्यानं जीव शांत व्हायला हवा होता, पण मी म्हटलं, नीट लपवलेलं दिसतंय.

आणि मग ते वाक्य डोक्यात घोळायला लागलं: 'घरातल्या एका व्यक्तीचा श्वास थांबतो.' पेटीचं खरं असलं तर? मी शिक्क्याच्या तोऱ्यात, कायद्याचा हिसका दाखवून, माझ्याच बायकोच्या दुखण्याची बातमी बाहेर हाकलली असली तर?

"तुला काही होतंय का?" मी विचारलं.

"मला काय धाड भरलीय?"

"मग हे मीठ का सोडलंस?"

"सांगितलं ना, नियम." तिनं तोंड फिरवलं.

मी अंगणात जाऊन मृदुलेला फोन लावला. माझा मलाच राग येत होता.

"काका!" ती म्हणाली. "आठवण झाली का आमची?"

"ती जुनी नोंद आहे का अजून?"

"आहे की. जपून ठेवलीय. पुन्हा जोडणी घेतलीत की सगळा तपशील देते. फक्त आता दर नवीन ग्राहकाचा लागेल, आणि करार तीन वर्षांचा. पाठवू का माणूस?"

माझ्या तोंडात 'हो' आला होता. बायकोपुढं पैसा काय चाटायचाय! मी गिळला तो पैशासाठी नव्हे. ज्यानं गुपित दडवून त्याचा भाव वाढवला, तो उद्या भाव यावा म्हणून नवं गुपित तयार करणार नाही कशावरून? म्हटलं, एक दिवस थांब. आधी आपल्या डोळ्यांनी बघू. ती सामायिकाला बसली की आपण झोपेचं सोंग घ्यायचं आणि तिचा श्वास स्वतः मोजायचा.

दुसऱ्या दिवशी जेवण झालं. मी खाटेवर भिंतीकडं डोकं करून आडवा झालो, डोळे किलकिले ठेवले. राजमतीनं चटई टाकली, हात जोडले, पद्मासनात बसली. मी तिचे श्वास मोजायला लागलो. संथ, पण चालू होते. पदराची कड बारीकशी हलत होती. दहा झाले, पंधरा झाले. एक गोष्ट मात्र खटकली. सामायिकात डोळे मिटलेले असतात, नाहीतर नाकाच्या शेंड्यावर असतात. हिचे उघडे होते आणि माझ्याकडं लागलेले होते.

म्हणजे मी तिला बघतोय आणि ती मला बघतेय. कशासाठी? या कोड्यावर विचार करता करता मला खरीच झोप लागली. वयच तसं आहे.

जाग आली ती गदागदा हलवल्यानं. माझ्या खांद्याला राजमतीचे दोन्ही हात होते आणि ती मला सगळा जोर लावून कुशीवर वळवत होती. तिच्या कपाळावर घाम होता. मी मोठा श्वास घेतला, पाण्यातून वर आल्यासारखा, आणि त्या आवाजानं मीच दचकलो.

चटई कोपऱ्यात रिकामी पडली होती.

"सामायिकातून उठलीस?" मी विचारलं. माणसाची जीभ कशी असते बघा, पहिलं तेच विचारलं.

"उठले." ती धापा टाकत खाटेच्या कडेला बसली. "पेटी गेल्यापासून उठायला लागतंय. तुमचा श्वास थांबतो."

"माझा?"

"मग कुणाचा? मी बसते तेव्हा तुम्ही झोपलेले असता की नाही? घरात आपण दोघंच. पेटीनं एकाचं सांगितलं आणि तुम्ही ते माझ्यावर घेऊन मोकळे झालात."

मी उठून बसलो. "मला तर काहीच जाणवत नाही."

"झोपलेल्याला काय जाणवणार?"

"मग मला आधी का नाही सांगितलंस?"

"दोनदा सांगितलं. तुम्ही म्हणालात, कशावरून? घोरतो म्हणून कुणी मरतं का, म्हणालात. डॉक्टरांचं नाव काढलं तर म्हणालात, हा त्यांचा सगळ्यांचा मिळून धंदा आहे. मग मी म्हटलं, ह्यांच्या नादाला लागण्यात अर्थ नाही. 'सोबत'मध्ये तसं लावून घेतलं. तुमचा श्वास अडकला की टीव्ही मोठ्यानं लागायचा. तुम्ही चाळवायचात, कूस बदलायचात, श्वास सुरू व्हायचा. मला सामायिकातून उठायला लागायचं नाही, रात्री जागायला लागायचं नाही."

टीव्हीवरून कंपनीला मी किती शिव्या घातल्या होत्या ते आठवून माझी मान खाली गेली.

"भेट तूच घेतलीस."

"मीच. तुम्ही बंद करायला निघाला होता. तुमच्याशी भांडून मी कधी जिंकले असते?"

"आणि ही साखर? मीठ?"

तिनं पदरानं कपाळ पुसलं. "सामायिक मोडलं की प्रायश्चित्त घ्यायला लागतं. पहिल्यांदा मोडलं तेव्हा साखर सोडली. मग तूप. मग मीठ. आता पुढं काय सोडू, तुम्हीच सांगा. माझ्या ताटात सोडण्यासारखं काही राहिलं नाही."

मी कचऱ्याच्या डब्यात हिचं दुखणं शोधत होतो, आणि ही माझ्या एकेका श्वासासाठी स्वतःच्या ताटातला एकेक पदार्थ काढून ठेवत होती.

तरीही, खोटं बोलत नाही, माझ्यातला निरीक्षक मेला नव्हता. डोक्याच्या एका कोपऱ्यात तो बसलाच होता. हिला हे सगळ्यात आधी सांगितलं कुणी? त्या पेटीच्या इशाऱ्यानंच असणार. ग्राहक टिकावा म्हणून पेटीनं हिच्या मनात भीती भरली नसेल कशावरून? आणि एकदा भीती बसली की बाईमाणसाला काय, पुरुषालाही श्वास थांबल्यासारखा दिसेल.

"एक काम कर," मी म्हणालो. "उद्या मोबाइलवर चित्रण करून ठेव. म्हणजे आपल्याला नीट..."

"नाही करणार."

"अगं, फक्त खात्रीसाठी."

"कळलं मला. मी चित्रण दाखवलं की तुम्ही त्याची तपासणी करणार. उजेड कमी होता म्हणणार. मोबाइल हलला म्हणणार." तिचा आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं वाटलं असतं. "लग्नाला एवढी वर्षं झाली, मी तुम्हाला एखादी गोष्ट सांगितली आणि ती तुम्ही तशीच घेतली असं झालं नाही. दुधाचा भाव मी सांगितला तरी तुम्ही दूधवाल्याला विचारणार. आजपर्यंत चालवून घेतलं. आता चालवून घ्यायची ताकद नाही, झोप नाही मला. तुमचा श्वास थांबतो, मी बघितलंय, मी सांगतेय. तेवढं पुरत असेल तर उद्या मिरजेला डॉक्टरांकडं चला. पुरत नसेल तर झोपा. मी बसलेय राखायला."

असं म्हणून ती खरंच चटईवर जाऊन बसली. मोडलेलं सामायिक तिनं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. मी खाटेवर बसून राहिलो. झोपायची माझी हिंमत झाली नाही.

स्वतःच्या झोपेचं माप स्वतःला घेता येत नाही, ही साधी गोष्ट मला त्या दुपारी कळली. एक मृदुलेचा शब्द होता, एक राजमतीचा. दोन्ही एकच सांगत होते. फरक एवढाच, की मृदुलेचा शब्द विकत घ्यायला मी जवळजवळ तयार झालो होतो, आणि राजमतीचा फुकट मिळत होता तर मी पुरावा मागत होतो. संध्याकाळी, सूर्य मावळायच्या आत जेवायला बसलो तेव्हा मी म्हणालो, "सकाळी लवकर निघू. मिरजेला गर्दी असते." तिनं मान डोलावली आणि भाकरी वाढली.

डॉक्टर तरुण होते. नाव आवटी. खोलीत एक यंत्र होतं, नाकावर मुखवटा लावून झोपायचं तसलं, आणि त्याच्याकडं बघूनच मला धडकी भरली.

"घरी 'सोबत' असेल ना काका?" त्यांनी विचारलं. "सगळे तिचेच आलेख घेऊन येतात हल्ली. माझं काम सोपं होतं."

"होती," मी म्हणालो. "बंद केली."

"अच्छा. झोपेत गुदमरून जाग येते?"

"नाही."

"तुम्हाला स्वतःला श्वास थांबल्यासारखा वाटतो?"

"नाही. कधीच नाही."

डॉक्टरांनी कळफलकावरचे हात थांबवले आणि माझ्याकडं पाहिलं. "मग थांबतो असं कशावरून म्हणता?"

हा प्रश्न मी आयुष्यभर दुसऱ्यांना विचारला होता. शेजारी राजमती मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिनं माझ्याकडं बघितलं नाही. खिडकीकडं बघत होती.

"ही म्हणते," मी म्हणालो.

"ठीक आहे." डॉक्टर तिच्याकडं वळले. "काकू, साधारण किती वेळ थांबतो श्वास?"

"एक णमोकार होतो तेवढा," ती म्हणाली. "कधी कधी दोन."

डॉक्टरांना हसू आलं. "तसं नको, काकू. सेकंदांत सांगा, मला इथं सेकंद भरायचेत."

राजमती गोंधळली. घड्याळाकडं बघायला तिला त्या वेळी सवड कुठली होती! मनात मंत्र चालू असायचा आणि समोर मी.

"डॉक्टर," मी म्हणालो, "ती सांगते तेच घाला. एक णमोकार. कधी कधी दोन."